तिसरी चिठ्ठी

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी काका तिला नापास करायचा प्रयत्न करत. छत्री घ्यायची तर दुकानातच ती वीस वेळा उघडायची आणि मिटायची. डबा घ्यायचा तर दुकानदाराकडून पाणी मागून तो भरायचा, झाकण लावायचं आणि स्वतःच्या मांडीवर उलटा धरून पाच मिनिटं बसायचं. पँट कोरडी राहिली तर डबा घरी. "आपण चांगले आहोत हे वस्तूने सिद्ध करायचं असतं," असं ते म्हणत. माणसांच्या बाबतीतही त्यांचा हाच नियम असणार, अशी मला पहिले सहा महिने धास्ती होती.

त्यांच्याकडे कोथरूडला पेइंग गेस्ट म्हणून आले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. घर चंद्रपूरचं, शाळा इंग्रजी माध्यमाची, नोकरी खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याआधी दोन घरांत आडनाव सांगितल्यावर खोली 'कालच गेली' असं कळलं होतं. त्यामुळे या तिसऱ्या दारात मी आडनावाच्या प्रश्नाची वाट बघत उभी होते. काकांनी आडनाव विचारलंच नाही.

"तुम्ही नळ कसा बंद करता?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी मला बाथरूममध्ये नेऊन नळ बंद करायला लावला आणि कान देऊन ऐकलं.

"फार पिळलात. वायसर जातो अशाने. पण शिकाल," ते म्हणाले, आणि खोली मला मिळाली.

मागून काकू म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. लग्नाच्या वेळी मला स्टोव्ह पेटवायला लावला होता यांनी."

"आणि भडकवला होता तुम्ही," काका म्हणाले.

ते सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणत. दूधवाल्याला, जिन्यातल्या पोरांना, रागावले की काकूंनाही.

काकांनी पस्तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात काढली होती. इंजिनाचे सुटे भाग तपासायचे, चांगले पुढे पाठवायचे, वाईट बाजूला काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे खातं घरी आणलं. घरातल्या वस्तूंना दोऱ्याने रंगीत पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधलेल्या असत. हिरवी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे दुरुस्ती बाकी, लाल म्हणजे हात लावायचा नाही. मिक्सरला पिवळी होती. गॅलरीतल्या खुर्चीला लाल. काकूंच्या गुडघ्याला त्यांनी एकदा पिवळी बांधली, तेव्हा काकूंनी ती सोडून त्यांच्या जिभेसाठी राखून ठेवली.

मी कंपनीत काय करते हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्ही आमच्याच खात्यातल्या." तेव्हापासून मी 'टेस्टर मॅडम' झाले.

त्या घरात 'वाटतं' हा शब्द चालत नसे. "मला वाटतं भाजीत मीठ जास्त आहे," असं मी बोलून गेले तर ते हात वर करत. "वाटणं नको. आहे की नाही, ते सांगा." माझ्यासारख्या माणसाला हे फार अवघड जायचं. मी प्रत्येक वाक्य 'वाटतं'च्या आडोशाला उभी राहूनच बोलत असे. मग मी बोलणंच कमी केलं. ते त्यांना आवडलं असावं.

जेवताना एकदा त्यांनी चिठ्ठ्यांची पद्धत सांगितली. कारखान्यात महत्त्वाचा भाग दोघं जण वेगवेगळा तपासत. एकमेकांशी बोलायचं नाही, आपापल्या चिठ्ठीवर निकाल लिहायचा, मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडून खऱ्या मापाशी ताडायच्या. एकच माणूस लागोपाठ तीनदा चुकला, तर तो लाइनवरून खाली. पण त्या तीनमध्ये एकदा जरी दोघंही चुकले, तर दोष तपासणाऱ्याचा धरायचा नाही. उजेड वाईट असेल, वस्तूच तशी असेल. मोजणी पुन्हा शून्यापासून.

"कोणी गेलं का लाइनवरून?" मी विचारलं.

"एक गेला. माझ्यासमोरच बसायचा. अकरा वर्षं आमचा डबा एकत्र होता. नजर गेली होती, सांगत नव्हता. तिन्ही चिठ्ठ्या मीच उघडल्या, कागदावर सहीपण माझीच."

"मग?"

"मग काय. पॅकिंगला गेला. पॅकिंग चांगलं करायचा."

"आणि आपल्याकडे यायचा बंद झाला," काकू ताटाकडे बघत म्हणाल्या. काकांनी ताकाची वाटी उचलली आणि सगळं ताक एका दमात संपवलं.

त्यांचा जुना डबा टीव्ही बंद पडला तेव्हा दुकानं सपाट टीव्हींनी भरली होती आणि जिकडेतिकडे एचडीच्या जाहिराती लागल्या होत्या. एचडीला साध्यापेक्षा नऊ हजार जास्त पडत होते. दुसऱ्या कोणी एका रविवारी हा प्रश्न मिटवला असता. काकांनी चार महिने घेतले. दिवाणापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. ते नऊ फूट भरलं. शेजाऱ्यांकडे, काकूंच्या भाच्याकडे, बँकेतसुद्धा ते टीव्ही बघून आले. घरी येऊन म्हणत, "सगळे म्हणतात फरक दिसतो. काय फरक दिसतो विचारलं की म्हणतात, चित्र जिवंत वाटतं. वाटतं!"

"घ्या ना साधा," काकू म्हणत. "मालिकेतल्या बायका मला ओळखू आल्या म्हणजे झालं. त्यांच्या नाकावरची पुटकुळी बघायला नऊ हजार कशाला?"

"प्रश्न नऊ हजारांचा नाही. फरक आहे की नाही, हा आहे."

त्यांचं हे वाक्य मी तेव्हा नेहमीच्या हट्टात जमा केलं.

एका शनिवारी सकाळी ते माझ्या दाराशी आले. "टेस्टर मॅडम, एक तासाचं काम आहे. दुसरा इन्स्पेक्टर पाहिजे."

आम्ही त्यांच्या स्कूटरवरून कर्वे रस्त्याला गेलो. ते सावकाश चालवत होते आणि तरीही मला भीती वाटत होती. रिकाम्या रस्त्यात ते ब्रेक दाबत. स्पीडब्रेकर मात्र ब्रेक न दाबताच घेतला. मी सीटवरून उडाले. मी मागची दांडी धरून बसले. बोलले काहीच नाही.

दुकानात त्यांचं सगळं ठरलेलं होतं. सारख्या आकाराचे दोन टीव्ही, चाकांच्या टेबलांवर शेजारीशेजारी. त्यांवरची नावं आणि स्टिकर वर्तमानपत्र चिकटवून झाकलेले. दोन्हींवर एकच क्रिकेट सामना. नऊ फुटांवर दोन खुर्च्या. आम्ही दाराबाहेर थांबायचं, विक्रेत्याने टेबलांच्या जागा बदलायच्या किंवा तशाच ठेवायच्या, मग आम्ही आत येऊन एचडी कोणता ते चिठ्ठीवर लिहायचं. डावा की उजवा.

"काका, मी सरळ सांगतो ना कोणता ते," विक्रेता म्हणाला.

"तुम्ही सांगणारच. तुमचा पगार त्याचाच आहे."

मी खुर्चीत बसले आणि एका क्षणात माझं उत्तर तयार होतं. डावीकडच्या टीव्हीवर गवत होतं, पात्यांचं, दवाचं गवत. उजवीकडे नुसता हिरवा रंग होता. डावीकडे गोलंदाजाच्या शर्टाला शिवण होती, उजवीकडे शर्टच कसाबसा होता. यात तपासायचं काय आहे, असं मनात आलं. मी 'डावा' लिहिलं. काका अजून बघत होते. ते समोर बघतच नव्हते. मान वळवून, डोळ्याच्या कडेने, पक्षी बघतो तसे बघत होते.

चिठ्ठ्या उघडल्या. त्यांनी 'उजवा' लिहिलं होतं.

"डावा बरोबर," विक्रेता म्हणाला.

"परत," काका म्हणाले.

दुसऱ्या वेळी मी 'उजवा' लिहिलं आणि त्यांनी 'डावा'. मीच पुन्हा बरोबर होते. दाराबाहेर येऊन उभे राहिलो तेव्हा त्यांनी रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला. बाहेर गार होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "तिसरी."

तेव्हा मला कळलं. ताकाची वाटी आठवली, पॅकिंगला गेलेला माणूस आठवला. आता आत जाऊन मी खरं लिहिणार आणि या माणसाला, ज्याने मला आडनाव विचारलं नाही, एका विक्रेत्यासमोर लाइनवरून खाली काढणार.

आत डावीकडे गवत होतं. काकांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. अलीकडे ते अक्षर फार मोठं काढत. शेजारून मला सहज वाचता आलं. 'उजवा.' मी माझ्या चिठ्ठीवर 'उजवा' लिहिलं.

चिठ्ठ्या उघडल्या.

"दोघांचंही चुकलं," विक्रेता हसला. "मॅडम, तुमचंसुद्धा?"

काका त्या दोन चिठ्ठ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते; खालचा एक दात तुटका होता. "म्हणजे दोष माणसात नाही," ते म्हणाले. "बांधा तो साधा."

परतताना त्यांनी मला मस्तानी पाजली आणि मोजणी शून्यावर आल्यासारखी स्कूटर जोरात मारली.

साधा टीव्ही आला आणि माझी भीती सुरू झाली. दिवाण दर आठवड्याला टीव्हीच्या जवळ सरकू लागला. काकांचं म्हणणं, फरशीला उतार आहे. मैदानात कोण आलं हे ते चालीवरून ओळखत आणि चुकलं की समालोचकाला नावं ठेवत. मग एके दिवशी त्यांनी मला फर्मान काढलं. "तुमचं मराठी इंग्रजी माध्यमाचं आहे. रोज सकाळी मला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. सुधारेल." मी रोज वाचू लागले. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यात अडखळले की ते दुरुस्त करत. दोन आठवडे मी खरंच समजत होते की हे माझ्यासाठी चाललं आहे. मग एकदा मी मधला मथळा गाळला. त्यांना कळलं नाही. मी पुढे वाचत राहिले, पण माझा आवाज मलाच परका वाटू लागला.

शनिवारी सकाळी ते आणि काकू स्कूटरवरून मंडईला जात. मी गॅलरीत जाऊन उभी राही. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन काकू मागे बसलेल्या, एका बाजूला पाय सोडून. स्कूटर वळणाआड गेली की मी घड्याळ बघायची. आई-बाबांचा फोन आला तर पटकन ठेवायची. परत आल्याचा आवाज आला की आत येऊन बसायची. प्रत्येक शनिवारी मी ठरवायची की आज सांगायचं. आणि प्रत्येक शनिवारी ते सुखरूप परत यायचे. मग वाटायचं, कदाचित मीच जास्त विचार करते. कंपनीत मी दिवसाला दहा चुका नोंदवत होते. घरी माझ्या सहीने पुढे गेलेली एक चूक रोज रस्त्यावर फिरत होती.

असे तीन महिने गेले.

एका रविवारी दुपारी मी पार्किंगमध्ये उभी होते. तळमजल्यावरची चार वर्षांची मनू बाहेरच्या फाटकाच्या आत उकिडवी बसून मुंग्या बघत होती. काका स्कूटरवरून आत आले. वेग फार नव्हता. ते समोर, अगदी मनूच्याच दिशेने बघत होते आणि सरळ तिच्यावर येत होते.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. स्कूटर तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मनूने एकदा वर बघितलं आणि पुन्हा मुंग्यांकडे वळली.

"काय झालं?" काकांनी विचारलं. "कोण पडलं?"

मी मनूला उचलून तिच्या दारात सोडलं आणि परत आले. ते अजून स्कूटरवरच होते.

"इथे मनू बसली होती," मी म्हणाले. "तुमच्या चाकासमोर."

त्यांनी मान वळवून चाकासमोर पाहिलं.

"काका, दुकानातली तिसरी चिठ्ठी मी खोटी लिहिली होती. डावा एचडी होता. मला स्पष्ट दिसत होता. फरक तिन्ही वेळा दिसला होता."

त्यांनी स्कूटर बंद केली. पाय टेकवून, दोन्ही हातांनी हँडल धरून ते तसेच बसले.

"का?"

"तुम्हाला खाली काढल्यासारखं झालं असतं."

"मी तुम्हाला टीव्ही बघायला नेलं नव्हतं," ते म्हणाले. "टीव्ही मला चार घरांत दिसला होता. सगळीकडे सारखाच धूसर. मी माझे डोळे तपासायला नेलं होतं तुम्हाला. भाच्याला नेलं असतं तर त्याने मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं असतं. म्हटलं, या टेस्टर आहेत. या नाही सांगणार."

मी स्कूटर धरायला पुढे झाले.

"तुमची चिठ्ठी जुळली त्या दिवशी मी कित्येक दिवसांनी नीट झोपलो," ते म्हणाले. मग खाली उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि कठडा धरून जिना चढू लागले. प्रत्येक पायरी पायाने चाचपून. हे ते किती दिवस करत होते, कोण जाणे. मी त्यांच्या मागून चढत होते आणि वर काकूंना कोण सांगणार, याची भीती वाटत होती.

त्यांनीच सांगितलं. "डोळ्यांचं बघायला पाहिजे. दिसत नाही मला नीट." काकू पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "टेबलावरचा साखरेचा डबा तुम्ही दोन महिने मिठाचा म्हणून उचलताय. मी डबेच बदलून ठेवते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते."

"आणि मागे बसत होतात स्कूटरवर?"

"एकट्याला कसं पाठवू?" काकू म्हणाल्या. मग मात्र त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं रिक्षाने गेलो. जुन्या डायबेटिसमुळे डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आली होती. दोन्ही डोळ्यांना, उजव्याला जास्त. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागणार होती. जे गेलं ते सगळं परत येईलच असं नाही, राहिलेलं टिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तीन महिने आधी का नाही आलात?"

मी माझ्या चपलांकडे बघत होते.

"तेव्हा आलो असतो तर किती फरक पडला असता?" काकांनी विचारलं.

"पडला असता. नक्की किती, ते नाही सांगता येणार."

"मोजता येत नसेल तर राहू दे," काका म्हणाले.

त्या वेळी मला वाटलं, त्यांनी मला सोडवलं. आता तसं ठामपणे म्हणता येत नाही. त्यानंतर कित्येक आठवडे ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. पेपर वाचायला बोलवत, पण दुरुस्त्या करत नसत. स्कूटर भाच्याने नेली. ती नेत असताना काका आतल्या खोलीत कपाट आवरत होते.

डॉक्टरांनी घरी एक कागद दिला होता. काळ्या रेघांच्या बारीक चौकटी आणि मधोमध एक ठिपका. रोज सकाळी एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या किंवा कुठे नाहीशा झाल्या तर लगेच कळवायचं; उशीर केला तर उरलेलंही जाऊ शकतं. काकांनी तो कागद फ्रिजवर चिकटवला, शेजारी एक वही टांगली आणि नोंद करायचं काम मला दिलं.

"मला कशाला?" मी विचारलं. "काकू करतील ना."

"त्या डबे बदलतात," काका म्हणाले.

मग रोज सकाळी ऑफिसची बस पकडण्याआधी मी वही घेऊन उभी राहू लागले. ते डोळ्यावर तळहात धरून बघत आणि सांगत. मी लिहीत असे. 'डावा, रेघा सरळ. उजवा, मध्ये डाग, कालसारखाच.' त्या दोन मिनिटांची मला दिवसभर भीती वाटे. इंजेक्शनांनी उजवा डोळा जरा स्थिरावला. ज्याच्यावर सगळी भिस्त होती तो डावा डोळा चांगला राहिला होता. हिवाळा गेला.

मार्चमधल्या एका सकाळी ते नेहमीसारखे कागदासमोर उभे राहिले, उजवा डोळा झाकला आणि लगेच म्हणाले, "सरळ. लिहा."

इतक्या लवकर ते कधीच सांगत नसत. मी पेन टेकवलं नाही. त्यांची मान किंचित वळली होती. डोळ्याच्या कडेने, पक्ष्यासारखी.

"लिहा ना. बस चुकेल तुमची."

"काका, मान सरळ करा," मी म्हणाले. "परत बघा."

ओट्याशी काकूंचा हात थांबला. काकांनी माझ्या दिशेने पाहिलं. माझा चेहरा त्यांना कितपत दिसत होता, मला माहीत नाही. त्यांनी मान सरळ केली. या वेळी सावकाश बघितलं.

"ठिपक्याच्या खालची रेघ नाही," ते म्हणाले. "कालपासून नाही."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं. खाली तारीख घातली, सही केली.

"लिहिलं?"

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

"डावा डोळा," मी वाचलं. "ठिपक्याच्या खालची रेघ दिसत नाही. कालपासून."

काका मान हलवत खुर्चीत बसले आणि जमिनीवर पायाने चपला शोधू लागले. काकू गॅस बंद करून रिक्षा बघायला खाली गेल्या.